डबा मी दिला नाही, फ्रूमाबाई

फ्रूमाबाई, डबा माझ्याकडे आहे. हे लिहितेय तेव्हा टेबलावर, माझ्या डाव्या हाताशी आहे. तुमच्याबरोबर तो जमिनीत जायचा होता, तुम्ही मला तसं दोनदा बजावलं होतं, आणि मी तो दिला नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला रागवायचं असेल तर लगेच सुरुवात करता येईल.

परवा नारकेलडांग्याच्या दफनभूमीत तुम्हाला नेलं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात म्हणे, आणि तुमच्या ज्यू लोकांपैकी आता या शहरात उरलेत किती! हारूनसाहेब सकाळपासून घरोघर फिरत होते. तुमच्या सिनेगॉगची देखभाल करणारा हा माणूस. त्यांचे पूर्वज बगदादहून आलेले ज्यू, तुमच्यासारखे युरोपातले नव्हेत, म्हणून त्यांना तुम्ही जन्मभर 'तो बगदादी' म्हणून हिणवलंत, आणि शेवटी पायपीट त्यांनीच केली, एवढं लक्षात असू द्या. नऊ जमले. दहावे एक आजोबा होते, त्यांना खुर्चीत बसवून आणलं. पुरायच्या वेळी बायका मागे थांबतात, असं हारूनसाहेब म्हणाले, म्हणून मी फाटकाशी उभी राहिले. थोड्या वेळाने ते परत आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"द्या तो डबा. तिची इच्छा होती."

"माहीत आहे मला."

"हिब्रू अक्षरांतले जुने कागद आमच्यात फेकत नाहीत, जाळत नाहीत. जमिनीत ठेवतात. त्यात त्या कागदांचा मान आहे."

"मान असू दे, हारूनसाहेब. डबा मिळणार नाही."

त्यांनी हात मागे घेतला. सज्जन माणूस, त्यांना भांडता येत नाही. मला येतं. पहिल्यापासून यायचं, पण तुमच्याकडे येऊन हात साफ झाला.

तुम्हाला पहिल्यांदा भेटले ती शिवणाच्या मशीनसाठी. एलियट रोडमागच्या गल्लीत एक म्हातारी युरोपियन बाई मशीन विकतेय, असं कुणीतरी सांगितलं, आणि मी खिदिरपूरहून ट्रॅम बदलून तुमच्या दारात हजर झाले. आमचे हे कस्टम्समध्ये, आम्ही बदलीवर आलेले, आणि गोदीजवळच्या क्वार्टरमध्ये दुपारी भिंतींकडे बघत बसायचा मला मेला कंटाळा आला होता. तुम्ही दार उघडलंत आणि माझ्याऐवजी माझ्या खांद्याशी बोलायला लागलात. काचबिंदूने तुमचे डोळे जवळजवळ गेलेले आहेत, हे माझ्या डोक्यात यायला जरा वेळ लागला. मी मशीनचा खण ओढून बघितला, तर आत पत्रंच पत्रं. पातळ कागद, निळी शाई, आणि अक्षर शेवयांसारखं. खणाचा आवाज तुम्ही ओळखलात.

"वाचता येतं तुला ते?"

"छे! भाषा कुठली तेसुद्धा कळत नाही."

"यिडिश. आम्हा ज्यूंची घरातली भाषा. हिब्रू येतं तुला? जर्मन?"

"नाही हो. मराठी, हिंदी, हे आपलं इंग्रजी, आणि बाजारापुरतं बंगाली."

"उत्तम," तुम्ही म्हणालात. "मग तूच."

मला वाटलं, बाई भ्रमिष्ट आहे. पण तुमचा बेत पक्का होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी पोलंडमधल्या एका गावातून तुमच्या बहिणीने, गिटलने, तुम्हाला लिहिलेली ही पत्रं. तुम्हाला ती पुन्हा ऐकायची होती. स्वतः वाचता येत नव्हती, आणि ज्याला कळतील अशा माणसाच्या तोंडून तर मुळीच ऐकायची नव्हती. अक्षरं ओळखील, आवाज काढील आणि अर्थापासून चार हात लांब राहील, असं माणूस हवं होतं. "आवाज तुझा, अर्थ माझा," तुम्ही इंग्रजीत म्हणालात, आणि मी मान डोलावली. तुम्हाला ती दिसली नाही, म्हणून मग तोंडाने हो म्हटलं. मशीन राहिलं बाजूला. दर गुरुवारी दुपारी यायचं ठरलं.

तुमची शिकवायची तऱ्हा काय सांगावी! मांडीवर काळ्या अस्तराचं कापड ताणायचं आणि शिंप्याच्या चपट्या खडूने त्यावर अक्षर काढायचं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण हात एकदाही चुकला नाही. मग खडू माझ्या हातात. "उजवीकडून डावीकडे! पुन्हा चुकलीस!" तुम्हाला कसं कळतं, म्हणून मी चक्रावले होते. पुढे कधीतरी म्हणालात की, माझ्या बांगड्या कुठल्या बाजूने कुठे जातात ते ऐकू येतं. त्यानंतर दोन गुरुवार मी बांगड्या पदरात गुंडाळून लिहिलं, तेही तुम्हाला कळलं.

पहिलं अक्षर आलेफ. मी विचारलं, "याचा आवाज काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"नुसतं उभं राहतं. खाली आडवी रेघ दिली तर आ. रेघेला शेपटी दिली तर ऑ. तोपर्यंत तोंड बंद. तुला जमेल का असं?"

नाहीच जमलं मला, पण ते पुढे. त्सादिक नावाचं अक्षर मात्र मी एका दमात म्हटलं. या शहरात कुणाला ते नीट म्हणता येत नाही, अशी तुमची तक्रार होती. मी म्हटलं, यात काय एवढं, आमच्या चुलीतला, चमच्यातला च आहे हा. तुम्ही मला पाच वेळा 'चूल' म्हणायला लावलंत आणि खुशीत येऊन मला बिस्कीट दिलंत. पण 'खेस' या अक्षराने माझा घसा सोलून काढला. "माशाचा काटा घशात अडकला तर कसा काढतेस?" तुम्ही विचारलंत.

"आमच्याकडे मासे खात नाहीत."

"कलकत्त्यात राहून? मूर्ख बाई!"

आता एक चूक कबूल करते. मला घाई झाली होती, म्हणून मी तुमच्यापासून लपवून हारूनसाहेबांकडे गेले. म्हटलं, अक्षरं तीच ना? आमची बाळबोध अक्षरं नाही का, मराठीलाही चालतात आणि हिंदीलाही. त्यांनी बिचाऱ्यांनी मोठ्या प्रेमाने छापील पुस्तकातून शिकवलं. पुढच्या गुरुवारी मी ऐटीत 'आयिन' अगदी घशाच्या तळातून काढून दाखवला, आणि तुम्ही खडू भिरकावलात. "कुणाकडे गेली होतीस? त्या बगदाद्याकडे? आमच्यात आयिन म्हणजे ए! साधा, सरळ ए!" वर छापील अक्षर वेगळं, हाताचं वेगळं. त्या चौकोनी अक्षरांचा गिटलच्या शेवयांशी काडीचा संबंध नव्हता. सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकले.

आणि पहिलं पत्र वाचलं तो दिवस! मी हातपाय धुतले, कागद कपाळाला लावला, पाठ ताठ केली आणि वाचायला लागले. आमच्याकडे न कळणारं काही वाचायचं म्हणजे पोथीच. लहानपणापासून सप्ताहात जशी पोथी वाचत आले, त्याच लयीत, त्याच हेलात सुरुवात केली. अर्थ कळत नसला तरी पारायण घडतं, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. तुम्ही पानभर दम धरलात आणि मग काठी आपटलीत.

"हे काय गातेस?"

"वाचतेय."

"शेजारणीची कोंबडी अंगणात घाण करते, असं लिहिलंय गिटलने. आणि तू ते असं वाचतेस की मला उठून उभं राहावंसं वाटतंय! तिला देव करू नकोस. पक्की थापाडी होती ती."

"मग वाचू कसं?"

"भांडल्यासारखं. भांडायला येतं ना?"

"येतं की."

"मग वाच."

त्या दिवसापासून मी गिटलला भांडखोर आवाजात वाचलं. चाळिशीला टेकलेली मी, कुंकू लावून, नऊवारीतल्या आईचं बोलणं आठवून पोलंडच्या एका बाईच्या कोंबडीवरून भांडत होते, आणि तुम्ही डोळे मिटून हसत होतात. फ्रूमाबाई, त्या दुपारी माझ्या इथल्या दिवसांतल्या सगळ्यात चांगल्या दुपारी होत्या. तोंडावर कधी सांगितलं नाही. तुम्हीही कौतुक ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हतात.

एकदाच मी तुम्हाला मावशी म्हटलं. वयाने मोठ्या बाईला आम्ही म्हणतोच. तुम्ही विचारलंत, याचा अर्थ काय. मी म्हटलं, आईची बहीण. तुमचा चेहरा उतरला. "मी होते मावशी," तुम्ही म्हणालात, "दोन मुलांची. आता कुणाची नाही. दुसरं काहीतरी म्हण." म्हणून फ्रूमाबाई. त्या मुलांचं काय झालं, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

बाहेर शहराला आग लागल्यासारखे दिवस होते. आज बंद, उद्या बॉम्ब, परवा कुणाचा मोर्चा. हे वैतागायचे. "माणसं जीव मुठीत धरून घरी येतायत, आणि तू कुठल्याशा मेलेल्या गावची बाराखडी गिरवायला निघालीस!" मी म्हणायची, गाव मेलं असेल, बाराखडीने काय केलंय? एका गुरुवारी ट्रॅम बंद होत्या. मी खिदिरपूरहून मैदान ओलांडून चालत आले, चपलेचा अंगठा तुटलेला, घामाने निथळत. तुम्ही दार उघडून म्हणालात, "उशीर झाला." बस्स, एवढंच! पण पाणी आधीच भरून ठेवलेलं होतं. तुमचेही लोक एकेक करून लंडनला, ऑस्ट्रेलियाला चालले होते. तुम्हालाही चल म्हणत होते. "एकदा घर सोडून निघाले, तेवढं पुरे आहे," असं त्यांना ठणकावून तुम्ही त्याच खोलीत बसून राहिलात. मला तुमचा अभिमान वाटायचा.

पत्रं क्रमाने वाचायची, हा तुमचा नियम. आणि दुसरा नियम असा की, शेवटची सात उरली की हात वर करायचा. "आता पुन्हा पहिल्यापासून." अशी दोन आवर्तनं पुरी झाली, तिसरं अर्ध्यावर राहिलं. ती सात मी तुमच्यासमोर कधीच वाचली नाहीत.

आता जे तुमच्यापासून लपवलं, ते सांगते. पहिल्या आवर्तनानंतर मी कॉलेज स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एक जर्मन शब्दकोश उचलला. यिडिशचे बरेचसे शब्द मुळात जर्मन, हे एव्हाना कानावर आलं होतं. तुमच्या तोंडून निसटणारे शब्द मी घरी जाऊन त्यात शोधायची. अर्धेअधिक सापडायचे. करार मोडला मी. अहो, पण तेच ते शब्द कितीदा तोंडातून जातात, त्यांना काही घरदार आहे की नाही, हे माणसाला कळावंसं वाटणारच ना? मला वाटलं. त्याची लाज वाटत नाही.

दुसऱ्या आवर्तनात ते पत्र आलं. एकेक शब्द सुटत गेला, आणि वाचता वाचताच मला कळलं. गिटलने तुम्हाला विचारलं होतं की, आम्हाला तिकडे बोलावून घे, कागदपत्रं पाठव. तुम्ही उत्तरात लिहिलं होतं की, इथे उकाडा फार आहे, मुलं आजारी पडतील, पुढच्या हिवाळ्यात बघू. त्यावर तिचं हे पत्र. "उकाड्याने कोणी मरतं का, फ्रूमा?"

मी आवाज हलू दिला नाही. पुढच्या ओळीवर गेले. तुम्ही खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसला होतात, आणि मी काही न कळल्यासारखी शेजारणीच्या सुनेबद्दल वाचत होते. ट्रॅममध्ये बसल्यावर रडले. पुढच्या आवर्तनातही ते तसंच वाचलं. वाटलं, तुम्हाला हे ऐकायचंय, आणि ऐकताना कुणाच्या नजरेत यायचं नाहीये. मग मी भिंत झाले. एवढं तर मी तुमच्यासाठी केलं, फ्रूमाबाई, आणि सोपं नव्हतं ते.

आणि पकडली गेले कशात, तर बदकात! तिसऱ्या आवर्तनात ते पत्र आलं, ज्यात गिटलच्या नवऱ्याने सणासाठी आणलेलं बदक त्याच्याच टोपीत जाऊन बसतं आणि कुणाला हात लावू देत नाही. गिटलने ते लिहिलंय इतकं झकास की मला खुदकन हसू आलं. तुमच्या आधी. एक क्षणभर आधी.

तुम्ही माझ्याकडे कान वळवलात.

"केव्हापासून?" तुम्ही विचारलंत.

मी पत्राची घडी घालायला लागले.

"उकाड्याचं पत्र वाचलंस तेव्हा कळत होतं?"

"हो."

"दोन्ही वेळा?"

"हो."

"चोर," तुम्ही म्हणालात. "माझ्या घरात बसून चोरी केलीस."

मीही भडकले. म्हटलं, ती बाई एवढं जीव तोडून लिहितेय, आणि ऐकणारं जगात एकच माणूस, तेही लपून ऐकणार? मग मी तुम्हाला माझ्या वडिलांबद्दल सांगितलं. ते रोज रात्री मोडीत वही लिहायचे. आम्हा भावंडांत मोडी कुणालाच येत नव्हती. ते गेल्यावर त्या वह्या आम्ही अस्थींबरोबर गोदावरीत सोडल्या. फेकल्या नाहीत, रद्दीत घातल्या नाहीत, मान म्हणून पाण्यात सोडल्या. तेव्हा गावात मोडी वाचणारे चार म्हातारे होते, पण एकाला जाऊन विचारायचं आमच्या डोक्यात आलं नाही. बाप काय लिहीत होता, मला कधीच कळणार नाही. तुमच्या खणातली अक्षरं बघून मी हो म्हटलं, ते त्यापायी.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तुझ्या बापाचं पाप माझ्या पत्रांवर फेडू नकोस. जा."

गेले. चार महिने आले नाही. मग हारूनसाहेबांकडून तुमच्या आजारपणाचा निरोप आला, तेव्हा आले. तुम्ही खूप वाळला होतात. आपण पाण्याच्या टंचाईबद्दल बोललो, डॉक्टरबद्दल बोललो, गिटलबद्दल चकार शब्द नाही. पत्रं तुम्ही खणातून काढून बिस्किटाच्या डब्यात भरून घेतली होती. निघताना तुम्ही माझं मनगट धरलंत. "डबा माझ्याबरोबर जाईल. तू घालशील." दुसऱ्यांदा आले, तेव्हा पुन्हा तेच. दोन्ही वेळा मी नुसतं हूं केलं. ते हूं म्हणजे हो नव्हे, हे तुम्हाला कळलं असणार. एवढे तिखट कान होते तुमचे. तरी डबा दुसऱ्या कुणाकडे दिला नाहीत, माझ्याच हातात ठेवलात. याचा मला सोयीचा अर्थ काढणार नाही मी. तुम्हाला तो पुरायचाच होता, आणि मी तुमचं ऐकलं नाही, हेच खरं.

काल हे म्हणाले, "मेलेल्या माणसाचा शब्द मोडलास. बरं नाही केलंस."

मी म्हटलं, "मेलेली माणसं दोन आहेत. दुसरीला कुणी विचारलं?"

तुम्ही पत्रं पुरायला निघालात, कारण त्यांत तुमची चूक लिहिलेली आहे. ठीक आहे, लिहिलेली आहे. पण बदक? ती कोंबडी? मुलीला दात आला तो दिवस, मुलगा शाळेतून पळून नदीवर गेला ती दुपार? त्या दोन मुलांचं या पृथ्वीवर दुसरीकडे कुठे काही लिहून ठेवलेलं नाही. तुमची लाज झाकायला तीही खड्ड्यात घालायची? नाही घालणार. तुम्ही चुकलात म्हणून तुमच्यावरची माझी माया तसूभर कमी झालेली नाही, आणि माया आहे म्हणून ऐकेन, असंही नाही. वडिलांचं पाप तुमच्या पत्रांवर फेडतेय म्हणता? फेडतेय. काय कराल?

आज दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून मी त्या सातांतलं पहिलं पत्र उघडलं. हातपाय धुतले नाहीत. मोठ्याने वाचलं, शेजारची बंगाली बाई वाकून बघायला लागली तरी थांबले नाही. चारच शब्द अडले. तीन पानं ती तुमच्यावर आग पाखडतेय, फ्रूमाबाई. लहानपणापासूनची उणीदुणी काढतेय, उकाड्याचं पुन्हा काढतेय, आईची शपथ घालतेय. तुम्ही असतात, तर दुसऱ्या ओळीला काठी आपटली असतीत. मी एक शब्द गाळला नाही. आणि शेवटी सही करायच्या आधी तुमची बहीण लिहिते, "एवढी रागावले नसते, तर तुला लिहायला कशाला बसले असते?"

मी तरी दुसरं काय करतेय?